दोघा मास्तरांची एक गोळी

गल्लीत असं बोललं जातं की मोठ्या मास्तरांनी आपल्या सख्ख्या भावाला स्वतःच्या हाताने गोळी देऊन मारलं.

हे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकायचं ते आधी ठरवा. केस कापणारे काका सांगतात ते कात्री हवेत थांबवून, चोंदलेल्या नाकातून, अगदी तुमच्या कानात: "कुणाला बोलू नका हं, मी पण कुणाला बोलत नाही." कोपऱ्यावरच्या दुकानवाल्या बाई तराजूकडे बघत म्हणतात, "मला काय माहीत बाई, मी आपलं ऐकलं ते सांगितलं." आणि तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर वर्गात शुद्धलेखन सांगावं तसं एकेक शब्द तोडून सांगतात: "विष. होतं. ते." मला तिघांचीही नक्कल येते. एकदा जेवताना तिघांना एकत्र आणलं तर आईने डाव उगारला.

आता खरं काय ते. गोळी दिली हे खरं. स्वतःच्या हाताने दिली हेही खरं. विष मात्र नव्हतं, कारण तीच गोळी मोठे मास्तर स्वतः रोज सकाळी घेत होते. आणि मारलं हे साफ खोटं. पण ते खोटं आहे हे मास्तरांनाच पटत नव्हतं, आणि त्यापायी त्यांचा स्वतःचा जीव जायची वेळ आली होती.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर दोघा भावांचं ड्रायव्हिंग स्कूल. एक खोली, एक टेबल, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, टेबलावर दोन खेळण्यातल्या गाड्या. पार्किंग कसं करायचं ते मास्तर त्या गाड्यांवर शिकवायचे, आणि मधे पेपरवेट ठेवून म्हणायचे, "ही म्हातारी. हिला लागता कामा नये." बाहेर पांढरी गाडी. मास्तर बसतात त्या बाजूलाही एक क्लच, एक ब्रेक. म्हणजे शिकणारा कितीही गोंधळला तरी गाडी मास्तरांच्या पायात.

दोघांचं सगळं एकात होतं. फोन एक, उचलेल तो "हां, मास्तर बोलतोय." जवळचा चष्मा एक, त्यामुळे दिवसभर "दे रे" आणि "घे रे" चालू. स्वेटर एक, ज्याला थंडी वाजेल त्याचा. मोठ्यांनी लग्न केलं नाही. धाकट्यांनी केलं आणि मोठे त्यांच्यातच राहिले. धाकट्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणतो. काकू एकदा आईला सांगत होत्या, "लग्नाआधी फोनवर बोलायचो आम्ही. नंतर कळलं, निम्म्या वेळा मी दादांशीच लाडात बोलत होते!"

कारण आवाजही एकच. नक्कल करणाऱ्याला असे भाऊ म्हणजे एका तिकिटात दोन सिनेमे. दोघांचं आवडतं वाक्य एक: "क्लच... क्लच... अहो, क्लच! पाय आहे तो तुमचा, पाहुणा नाही. हलवा त्याला!" शब्द तेच, चढ तोच, शेवटी कपाळावर हात मारल्याचा आवाजही तोच. फरक एवढाच की धाकटे मास्तर पहिल्या "क्लच"च्या आधी एक छोटासा श्वास घ्यायचे, दार ढकलण्याआधी माणूस घेतो तसा. हे मला कळायचं. काकूंनाही कळायचं नाही.

या दोघांच्या एकपणात एक गोष्ट मात्र विचित्र होती. त्यांच्या लहानपणी घरात ताप आला की आई एक गोळी मोडून दोघांना अर्धी-अर्धी द्यायची. एकाला आला तर दुसऱ्याला येणारच, मग वाट कशाला बघा, हा तिचा हिशेब. आई गेली, पोरं पन्नाशीला आली, पण रीत राहिली. मोठ्यांचं डोकं दुखलं की धाकटे हात पुढे करायचे. धाकट्यांचं पोट बिघडलं की मोठे अर्धी गोळी गिळून मगच गाडीत बसायचे. काकू कपाळाला हात लावायच्या. "अहो, तुम्हाला काय झालंय?" "मला कुठे, त्याला झालंय."

मग मोठ्यांना हार्ट अटॅक आला. हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला. त्यात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज एक गोळी, निदान वर्षभर चुकवायची नाही. मोठे मास्तर उठले, हिंडले, पुन्हा गाडीत बसले, आणि त्या गोळीच्या प्रेमातच पडले. पाकीट शर्टाच्या खिशात. कुणी तब्येत विचारली की खिशावर हात ठेवून म्हणायचे, "हिने उभा केला मला." धाकटे सवयीने हात पुढे करायचे. "मला अर्धी?" "गप. ही खेळायची नाही."

त्याला सहा-सात महिने झाले असतील. धाकट्यांच्या छातीत दुखायला लागलं. ते दुसऱ्या हॉस्पिटलात गेले, तिथे एक तरुण डॉक्टरबाई. त्यांनाही स्टेंट बसला. डॉक्टरबाई भरभर बोलतात आणि प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी "बरोबर?" विचारतात. आई आणि मी भेटायला गेलो होतो, तेव्हा त्या समजावून सांगत होत्या.

"तुमच्या दादांना जी गोळी आहे ना, ती पोटात जाते तेव्हा औषध नसतेच. आपलं यकृत तिचं औषध बनवतं. बरोबर? काही लोकांच्या यकृताला ते जमत नाही. त्यांचा दोष नाही, जन्मतःच तसं असतं, आईवडिलांकडून आलेलं. मग गोळी रोज घेतली तरी न घेतल्यासारखीच. आम्ही आता हे आधी तपासतो. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, ती लॅबला जाते. रिपोर्ट येईपर्यंत मी ही दुसरी गोळी देते. बरोबर?"

मोठे मास्तर खाटेच्या कडेला बसले होते. हसले. "डॉक्टर, काडी कशाला फिरवता? मी बसलोय ना इथे, जिताजागता रिपोर्ट. एका आईची मुलं आम्ही."

"भावंडं वेगळी असू शकतात."

"असतील लोकांची."

काडी फिरवली. धाकटे घरी आले. दुसरी गोळी सुरू झाली आणि त्यांना दम लागायला लागला. म्हणजे धावल्यावर लागतो तसा नाही. नुसतं बसल्याबसल्याही मधेच हवा कमी पडल्यासारखं व्हायचं. जिन्यात अर्ध्यावर थांबायचे, कठड्याला धरून. मी कॉलेजातून वर येत होते तेव्हा असेच थांबले होते. मोठे खालून आले, काकू वरून.

"काय रे?"

"काही नाही. ही गोळी घेतली की श्वास पुरत नाही, दादा. घाबरायला होतं."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं, असं होऊ शकतं म्हणून," काकू म्हणाल्या. "त्यांना फोन करा ना एकदा. विचारून तर घ्या."

"विचारायचंय काय त्यात? पुढच्या आठवड्यात दाखवायला जायचंच आहे, तेव्हा सांगू." मोठ्यांनी खिशातून पाकीट काढलं. एक गोळी दाबून बाहेर काढली आणि भावाच्या तळहातावर ठेवली. "ती ठेव बाजूला. ही घे. मला जिने उभं केलं ती तुला आडवं करील का?"

धाकटे हसले. "आज अख्खी?"

"अख्खी. तुझाही स्टेंट अख्खा आहे ना."

मी हसले. काकूही हसल्या. खरंच विनोद होता तो.

आणि दम गेला. एक-दोन दिवसांत धाकटे दोन-दोन पायऱ्या चढायला लागले. मोठे मास्तर गल्लीभर सांगत फिरले, म्हणून तर केस कापणाऱ्या काकांना एवढं सगळं माहीत. सकाळी दोघे स्कूलच्या दारात उभे राहून एकाच पाकिटातून गोळ्या घ्यायचे, एकाच तांब्यातलं पाणी प्यायचे. मी वरून बघायचे. त्या दिवसांत ते जितके खूश दिसले तितकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

धाकटे मास्तर गेले ते डॉक्टरांना दाखवायला जायच्या आधीच, भर दुपारी, शिकवताना. गाडी चालवत होत्या बँकेतल्या बाई. नवीन, भित्र्या, स्टिअरिंगला लोंबकळल्यासारख्या बसणाऱ्या. त्यांनीच नंतर सांगितलं. वळणावर मास्तर "डावीकडे घ्या" म्हणाले, आणि मग "अजून थोडं." गाडी कडेला आली आणि त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला गेला. गाडी अलगद थांबली. बाईंना वाटलं आपलंच काही चुकलं. त्या समोर बघत म्हणत राहिल्या, "सॉरी मास्तर, क्लच राहिला. सॉरी मास्तर." मग त्यांनी बाजूला बघितलं.

छातीत दुखायला लागल्यावर त्यांनी आधी काय केलं असेल, तर दुसऱ्याची गाडी कडेला लावली. आणि शिकवणाऱ्याचा पाय ब्रेकवरच राहिला होता.

स्टेंटमध्ये गुठळी झाली होती. रिपोर्ट त्याच आठवड्यात आला. डॉक्टरबाईंनी काकूंना आणि मोठ्यांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की ती जुनी गोळी धाकट्यांच्या शरीरात लागूच पडत नव्हती. रागावल्या नाहीत. गोळी बदलली होती हे ऐकल्यावर नुसत्या डोळे मिटून बसल्या, असं काकू म्हणाल्या. मग मोठ्यांकडे वळून म्हणाल्या, "तुमचीही तपासणी करून घेऊ. भावांमध्ये तेच असू शकतं."

"नको," मोठे म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी खिशातलं पाकीट काढून कचऱ्यात टाकलं. ती गोळी बंद. दुसरीही नको. वर्ष पुरं व्हायला बराच अवकाश होता. स्टेंट छातीत आणि वर काहीच पांघरूण नाही. काकू रोज विनवायच्या. आई जाऊन भांडून आली. "एक गेले, आता तुम्ही पण जाताय का? या बाईने बघायचं कुणाकडे?" मास्तर मान हलवायचे. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळायचं नाही.

त्यातच काकू एक दिवस त्यांना म्हणाल्या, अगदी हलक्या आवाजात: "दादा, रागावू नका. तुम्ही खाली बोलता ना, मला वाटतं हे आले. मी दारापर्यंत येते. मग परत सगळं पहिल्यापासून."

मोठ्यांनी बोलणं टाकलं. आधी घरात, मग स्कूलमध्ये, मग सगळीकडेच. लोक म्हणाले, पाप बोलू देत नाही. केस कापणाऱ्या काकांची कात्री तेव्हापासून हवेतच आहे.

माझी शिकवणी नेमकी तेव्हा सुरू झाली. मला अठरा पूर्ण झाली होती, आणि आई म्हणाली, जा तू, निदान कुणीतरी त्यांच्याजवळ बसेल. मास्तर हाताने शिकवायचे. पंजा खाली म्हणजे हळू. दोन बोटं म्हणजे दुसरा गिअर. मूठ म्हणजे थांब. मुका मास्तर आणि तोंडाळ शिष्या. त्या शांततेत माझा जीव गुदमरायचा, मग मी बडबडायचे. हेडमास्तरांच्या आवाजात वळायचे: "डावी. कडे. वळा." दुकानवाल्या बाईंच्या आवाजात हॉर्न द्यायचे. मास्तरांचा चेहरा ढिम्म.

एक दिवस चढावर गाडी बंद पडली. पुन्हा लावली, पुन्हा बंद. मागे हॉर्नचा गोंगाट. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, आधी तो छोटासा श्वास, आणि मग: "क्लच... क्लच... अहो, क्लच! पाय आहे तो तुमचा, पाहुणा नाही!"

मास्तरांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबून धरला. मागचे लोक ओरडत होते. त्यांनी हात बाहेर काढून सगळ्यांना पुढे जायला सांगितलं.

"परत म्हण," ते म्हणाले. किती तरी दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला, गंजलेला.

मी म्हटलं.

"हे मी नाही."

"नाही. हे धाकटे मास्तर."

"तो श्वास?"

"त्यांचाच. तुम्ही नाही घेत. तुम्ही थेट ओरडता."

त्यांनी हँडब्रेक ओढला. "मला नव्हतं माहीत," म्हणाले. "जन्मभर शेजारी बसला तो माझ्या."

मला तेवढीच फट दिसली आणि मी आत घुसले. "मग बघा ना मास्तर. वेगळे होतात तुम्ही दोघं. आवाजात वेगळे, तसे रक्तातही असाल. तुम्हाला ती गोळी लागू पडते, म्हणून तर तुम्ही आहात. ती का सोडलीत? तपासून तर घ्या."

"आणि वेगळं निघालं तर?"

"तर काय, चांगलंच!"

"चांगलं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अगं, आम्ही एकच म्हणून मी त्याला दिली. वेगळे निघालो तर मी एका परक्या माणसाच्या हातावर माझी गोळी ठेवली, न विचारता. त्याला ओळखतही नव्हतो मी."

मी हात पुढे केला. "लावा पैज," म्हटलं. "मी म्हणते वेगळे. तुम्ही म्हणता एकच. काडी सांगेल."

"पैज?"

"तुम्ही हरलात तर ती जुनी गोळी रोज, माझ्या डोळ्यांसमोर. जिंकलात तर डॉक्टर देतील ती दुसरी, तीही रोज. शिवाय जिंकलात तर मी तुम्ही सांगाल ते करणार."

"म्हणजे काहीही झालं तरी मी गोळी गिळायची. पैज आहे की सापळा?"

"सापळा."

ते हसले. हसू नव्हतं खरं तर, नाकातून हवा गेली. पण मूठ उघडून दोन बोटं दाखवली, म्हणजे दुसरा गिअर, चल.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी सांगितलं की भावांमध्ये सारखं असण्यापेक्षा नसण्याचीच शक्यता जास्त, आणि माझी सगळी मदार त्यावर होती. मी पैज जिंकणारच होते. काडी फिरवताना मास्तर मध्येच तोंड मिटून म्हणाले, "त्याचीही अशीच फिरवली होती?"

"अशीच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मीच फिरवली होती. आ करा."

रिपोर्टच्या दिवशी काकू, मास्तर आणि मी, तिघे समोर बसलो. डॉक्टरबाई भरभर बोलल्या नाहीत.

"तुमच्या भावासारखंच आहे. अगदी तंतोतंत. ती गोळी तुमच्याही कामाची नव्हती. तुम्ही घेत होतात ती न घेतल्यासारखीच होती."

"मग मी जगलो कसा?"

"बऱ्याच जणांना काहीच होत नाही. तुम्ही त्यांच्यातले. त्याला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही."

मास्तर माझ्याकडे वळले. "हरलीस," म्हणाले. चेहऱ्यावर क्षणभर खराखुरा आनंद होता, लहान मुलाला वर्गात उत्तर आलं की असतो तसा. "बघ. मी सांगत होतो ना. एकच होतो आम्ही. एकच!" काकूंकडे बघून पुन्हा म्हणाले, "एकच होतो." आणि मग तो आनंद तसाच चेहऱ्यावर असताना तोंड वेडंवाकडं झालं. "मग तोच का गं? दोघांना सारखंच होतं, तर तोच का?"

काकूंनी त्यांचा हात धरला. सांत्वन करायला नाही, स्वतःला आधार म्हणून. डॉक्टरबाई उठून खिडकी उघडायला गेल्या. खिडकी उघडीच होती.

दुसरी गोळी सुरू झाली. घेतात. रोज घेतात, मी समोर असो वा नसो.

पहिल्या आठवड्यातच मी खाली उतरत होते तर मास्तर जिन्यात अर्ध्यावर बसलेले. हात कठड्यावर. तोंड थोडं उघडं.

"काय झालं?"

"हवा... पुरत नाही." त्यांनी छातीवर पंजा ठेवला, आत काय चाललंय ते ऐकत असल्यासारखा. "असं व्हायचं त्याला."

"डॉक्टरांना फोन केलात?"

"केला. सकाळीच. म्हणाल्या, तपासायला या, पण गोळी थांबवू नका. बहुतेकांचं जातं म्हणे आपोआप. थोडे दिवस कळ काढायची." त्यांनी कपाळ कठड्याला टेकवलं. "थोडेच दिवस गं."

मी खाली जायला वळले, काकूंना सांगावं म्हणून. त्यांनी माझी ओढणी धरली.

"पैज बाकी आहे तुझ्याकडे."

"सांगा ना, मास्तर. काय करू?"

"बस इथे. दम जाईपर्यंत." मला बसायला जागा व्हावी म्हणून ते भिंतीकडे सरकले. "आणि बोलायचं नाही. कुणाच्याच आवाजात."

मी बसले. दम जायला खूप वेळ लागला.